वडाच्या बदल्यात किती रोपं?



व्याख्यान सभागृहात न ठेवता पारावर ठेवलंत, हे बरं केलंत. विषय झाडांचा आणि डोक्यावर पत्रा, असं झालं असतं तर बोलायची लाजच वाटली असती. पुण्याहून निघालो, कात्रजचा बोगदा ओलांडला, खेड शिवापूर मागे टाकलं आणि इथे वरव्याला पोचलो. तासाभराचा हा रस्ता आम्ही गेली पन्नास वर्षं पाहतोय. तरुणपणी एसटीच्या खिडकीतून पाहिलेला सातारा रस्ता म्हणजे दुतर्फा वडांची कमान. मे महिन्यातल्या दुपारीसुद्धा गाडीत सावलीचे पट्टे येत-जात असायचे. मग रस्ता चौपदरी झाला, पुढे सहापदरीकरण आलं, आणि ते वड गेले. आता तुमच्या गावावरून जाताना उड्डाणपूल दिसतात, गोदामं दिसतात, प्लॉटिंगचे फलक दिसतात. रस्ता नको होता असं आम्ही म्हणणार नाही. तासाभरात इथे पोचलो ते त्या रस्त्यानेच. त्याचा फायदा घ्यायचा आणि वर वडांसाठी गळा काढायचा, हा दुटप्पीपणा होईल. आपल्याला विचार करायचाय तो वेगळ्या गोष्टीचा. एखादं जुनं झाड जातं आणि त्याच्या बदल्यात आपण काही देऊ म्हणतो, तेव्हा आपण नेमकं काय म्हणत असतो?

प्रश्न कायद्यानेच आपल्यासमोर ठेवला आहे, म्हणून तिथून सुरुवात करू.

शहरांसाठी महाराष्ट्रात १९७५चा कायदा आहे, नागरी क्षेत्रातल्या झाडांचं संरक्षण आणि जतन करण्याचा. महापालिकेत, नगरपालिकेत वृक्ष प्राधिकरण असतं ते याच कायद्याने. झाड तोडायचं तर त्यांची परवानगी लागते, आणि शहरातल्या झाडांची ठरावीक काळाने गणना करणं हेही त्यांचंच काम. २०२१ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ म्हणायचं ठरलं. आणि दुसरी तरतूद अशी की, झाड तोडावंच लागलं तर त्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची. म्हणजे ऐंशी वर्षांचा वड गेला तर ऐंशी रोपं. ती रोपंही अगदीच बोटभर नकोत, चांगली सहा-आठ फुटांची हवीत, आणि सात वर्षं त्यांची निगा राखायची. कागदावर हे वाचलं तेव्हा आम्हाला खरोखर बरं वाटलं होतं. झाडाचं वय हे मोजण्यासारखं काही आहे, हे कायद्याने निदान मान्य तरी केलं.

पण वरवे बुद्रुक नगरपालिकेत नाही. इथे ग्रामपंचायत आहे. ग्रामीण भागाला १९६४चा वृक्षतोड विनियमनाचा कायदा लागू होतो. त्या कायद्यात झाडांची एक अनुसूची आहे, आणि त्या यादीतल्याच झाडांना परवानगीची अट आहे. साग, खैर, चंदन, हिरडा, मोह, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन अशी ती यादी आहे. लाकडाला किंवा फळाला बाजारात भाव असलेली झाडं बहुतेक आली. वड त्यात नाही, पिंपळ नाही, उंबरही नाही. ज्या झाडाला आपल्या बायका दरवर्षी ज्येष्ठात सूत गुंडाळतात, ते त्या यादीत नाही! वडाच्या लाकडाला फारसा भाव नाही, म्हणून यादी करणाऱ्याला त्याची काळजी वाटली नसावी. रस्त्याकडेच्या सरकारी झाडांची परवानगी आणखी निराळ्या वाटेने जाते. तात्पर्य, शहर कात्रजच्या घाटाखाली उतरलंय, पण शहराचा झाडांचा कायदा अजून बोगद्यापलीकडेच आहे. शहर आणि गाव यांच्या मधल्या या पट्ट्यात झाडं सगळ्यांत वेगाने जातात, आणि तिथेच ती सगळ्यांत कमी राखलेली आहेत.

आता त्या ऐंशी रोपांकडे येऊ. आमचा विषय तत्त्वज्ञान. या विषयाच्या माणसाला ‘बदल्यात’ हा शब्द ऐकला की कान टवकारायची सवय असते. शंभराची नोट देऊन दहाच्या दहा नोटा घेतल्या तर काही हरवत नाही. पैसा हा बदलता येण्यासाठीच असतो. पण तुमच्या आजीने स्वतःच्या हाताने लिहिलेली ओव्यांची वही कुणी घेऊन गेलं आणि म्हणालं, “त्याऐवजी या ऐंशी कोऱ्या वह्या घ्या, कागद जास्त चांगला आहे,” तर? कोऱ्या वह्या वाईट नाहीत, उपयोगी आहेत. पण त्या त्या वहीच्या बदल्यातल्या नाहीत. झाड या दोन टोकांपैकी कुठे बसतं, नोटेजवळ की वहीजवळ?

या प्रश्नावर रॉबर्ट एलियट नावाच्या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने १९८२ साली एक निबंध लिहिला. त्याच्यासमोरचा वाद असा होता: खाणवाले म्हणतात, आम्ही इथली वाळू काढू, मग सगळं होतं तसं करून देऊ, तीच झाडं, तेच प्राणी, मग तुमची तक्रार काय उरते? एलियटचं उत्तर असं की, चित्राची हुबेहूब नक्कल जशी मूळ चित्र नसते, तशी ही निसर्गाची नक्कल आहे. वस्तूचं मोल ती कशी दिसते एवढ्यात नसतं, ती कुठून आणि कशी आली यातही असतं. आम्ही हा निबंध अनेक वर्षं वर्गात शिकवला आणि मुलांना तो पटायचा. पण सातारा रस्त्यावरच्या वडांना तो लावून पाहिला की गाडी अडते. हे वड निसर्गाने कुठे लावले होते? ते माणसांनीच लावले होते, रस्त्यासाठी, सावलीसाठी, ओळीने! म्हणजे एलियटच्या हिशेबात तेही एका अर्थी कृत्रिमच. मग माणसानेच लावलेलं माणसाने पुन्हा लावलं तर बिघडलं कुठे?

याचं उत्तर ऑस्ट्रेलियापेक्षा आपल्याकडे जास्त चांगलं सापडतं. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र तुम्ही ऐकून असाल. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा राज्यनीतीचा ग्रंथ. मोबाइलवर त्यातला झाडांचा मजकूर ‘शिवरायांचं पत्र’ म्हणून फिरतो. ते बरोबर नाही. विचार स्वराज्याच्या परंपरेतलाच आहे, पण लिहिणारे अमात्य आहेत. त्यात आरमारासाठी लाकूड कसं मिळवावं ते सांगताना ते आंबा-फणसाच्या झाडांपाशी थांबतात. ही लाकडं आरमाराच्या कामाची खरी, पण ती तोडू नयेत, असं ते सांगतात. कारण काय देतात पाहा. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी पुष्कळ काळ जतन करून वाढवलेली असतात. ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहील का? एखादं झाड फारच जीर्ण झालं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने न्यावं. जबरदस्ती करू नये.

यात ‘निसर्ग पवित्र आहे’ असं कुठेही म्हटलेलं नाही. प्राणवायूचा उल्लेख नाही. झाडाचं मोल त्यात घातलेल्या काळात आणि जपणुकीत आहे, असा हा युक्तिवाद आहे. लेकराच्या बदल्यात लेकरू नसतं. ऐंशी वर्षांच्या वडात ऐंशी वर्षं राहिलेली असतात, आणि ऐंशी रोपांत मिळून ती ऐंशी वर्षं येत नाहीत. बेरीज चुकते ती इथे. काळाची बेरीज अशी आडवी करता येत नाही.

तुमच्या शेजारच्या शिवापूरचीही एक गोष्ट आहे. दादोजी कोंडदेवांनी तिथल्या सरकारी बागेतला आंबा न विचारता तोडला आणि मग स्वतःचाच हात तोडायला निघाले, ही. बखरीतली गोष्ट आहे, इतिहास म्हणून आम्ही तिची हमी देत नाही. पण गंमत अशी की लहानपणी आम्हाला ती प्रामाणिकपणाची गोष्ट म्हणून सांगितली गेली. ती बागेचीही गोष्ट आहे, हे कुणी सांगितलं नाही.

कर्नाटकातल्या सालुमरद तिम्मक्का तुम्हाला ठाऊक असतील. हुलिकल ते कुदूर या रस्त्यावर त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी वड लावले, लांबून पाणी आणून घालत वाढवले. ३८५ हा आकडा सांगितला जातो. मूलबाळ नव्हतं, झाडंच मुलं मानली. २०१९मध्ये रस्तारुंदीकरणात ती झाडं जायची वेळ आली, तेव्हा त्यांनी मुख्यमंत्र्यांना साकडं घातलं आणि झाडं राखण्याचं आश्वासन मिळवलं. त्या वडांना आई होती. सातारा रस्त्यावरच्या वडांची आई कोण होती, हे आपल्याला सांगता येत नाही, आणि बहुधा त्यामुळेच ते इतक्या निमूट गेले.

आता कुणी म्हणेल, सर, भावना राहू द्या, पैशांत सांगा. सरकारला पैशांतच कळतं. तेही करून झालंय. पश्चिम बंगालमध्ये जेसोर रोडवर रेल्वेवरच्या उड्डाणपुलांसाठी ३५६ झाडं तोडायची होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने नेमलेल्या समितीने २०२१मध्ये हिशेब मांडला: झाडाच्या वयाचं प्रत्येक वर्ष म्हणजे ७४,५०० रुपये. त्यातले ४५,००० नुसत्या प्राणवायूचे. शंभरी ओलांडलेल्या वारसा वृक्षाची किंमत कोटीच्या वर जाऊ शकते, असंही सांगितलं. आकडा ऐकून सगळे खूश झाले. आम्ही जरा साशंक होतो, आणि आहोत. प्राणवायूचा हिशेब तर आम्हाला मुळीच पटत नाही. हवेत एकवीस टक्के प्राणवायू आहे, तो तुमच्या वडावाचून संपणार नाही. वड देतो ती सावली, गारवा, पाखरांना फळं, जमिनीला धरून ठेवलेलं पाणी. आणि मुख्य म्हणजे, किंमत लावली की वस्तू विकायला निघाली असा अर्थ होतो. ज्याच्याकडे कोटी रुपये आहेत, त्याचं तोंड कसं बंद करणार? त्या जेसोर रोडच्या प्रकरणात शेवटी २०२३मध्ये तोडीच्या बाजूनेच निकाल लागला.

पाखरांचा उल्लेख आला, तर वडाचंच थोडं सांगतो, कारण इथे बदलीचा हिशेब भावनेशिवायही कोसळतो. वडाचं फळ म्हणजे आत दडलेला फुलांचा गुच्छ. त्यात शिरून परागीभवन करणारी चिमुकली गांधीलमाशी वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची वेगळी. जवळपास वेगवेगळ्या वेळी फळणारी झाडं असावी लागतात, तरच ती माशी टिकते. इतर झाडांना फळं नसतात अशा दिवसांतही कुठला ना कुठला वड फळलेला असतो. मग तिथे तांबट येतो, बुलबुल, मैना, कोकीळ येतात, हरियाल येतो (तो आपल्या राज्याचा पक्षी, आणि झाडाशिवाय त्याचं पान हलत नाही), रात्री वटवाघळं येतात. हीच मंडळी बी दूरवर नेऊन टाकतात. म्हणजे एक वड गेला की एक खानावळ बंद झाली, आणि त्या खानावळीतून चालणारी रोपवाटिकाही. ऐंशी रोपांपैकी सगळी जगली तरी ही खानावळ सुरू व्हायला काही दशकं जातील. आणि त्या रोपांत वड किती असतात? रोपवाटिकेत जे पटकन वाढतं ते लावलं जातं. पुण्याच्या टेकड्यांवर आपण वर्षानुवर्षं ग्लिरिसिडिया लावला, मध्य अमेरिकेतला. हिरवं दिसतं, पण त्याच्याखाली फारसं काही उगवत नाही. त्यातही कित्येक ठिकाणी आधी चांगलं गवताळ माळरान होतं. माळ म्हणजे ओसाड आणि झाड म्हणजे पुण्य, हे समीकरण कुणीतरी आपल्या डोक्यात घालून ठेवलंय. तुमच्या भोरच्या आणि राजगडच्या, म्हणजे पूर्वीच्या वेल्ह्याच्या, डोंगरउतारांवर गवत आहे ते तिथे असायला हवं म्हणून आहे. तिथे खड्डे खणू नका.

२०१६ ते २०१९ या काळात राज्यात पन्नास कोटी झाडं लावण्याचा कार्यक्रम झाला. पहिल्या वर्षी एका दिवसात दोन कोटी, मग चार, मग तेरा, मग तेहतीस. यातून काहीच उगवलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण लावणं हा सोहळा असतो, त्याचा फोटो निघतो. वाढवण्याचा फोटो निघत नाही. पुण्यात वारज्याला वनखात्याच्या उजाड टेकडीवर सुमारे सतरा हेक्टरांत लोकांनी आणि संस्थांनी मिळून जंगल उभं केलं. २०२०च्या पर्यावरणदिनी केंद्राने देशभरात दोनशे नगरवनं उभी करण्याची योजना जाहीर केली, तेव्हा हेच उदाहरण पुढे ठेवलं होतं. तिथे जमलं ते लोक वर्षानुवर्षं पाणी घालायला गेले म्हणून.

आता थोडं आमच्याबद्दल, कारण दुसऱ्यांना शहाणपण शिकवून झालं. आम्ही पुण्यात राहतो त्या सोसायटीत आवारात पर्जन्यवृक्ष होता, रेन ट्री म्हणतात तो. आमच्या आधीचा. पावसाळ्यात चिखल व्हायचा, म्हणून सर्वसाधारण सभेत आवारभर पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरलं. ठराव एकमताने मंजूर झाला. त्या एकमतात आमचाही हात वर होता. गुडघे दुखतात, घसरायची भीती. ब्लॉक बुंध्याला भिडेपर्यंत बसवले, खाली सिमेंटचा थर. झाडाची मुळं खूप खोल जातात असा आपला समज असतो. प्रत्यक्षात अन्नपाणी घेणारी बारीक मुळं वरच्या फूट-दोन फुटांतच पसरलेली असतात, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर, आणि त्यांना हवा लागते. आपण ती गुदमरवली. चार पावसाळे गेले आणि पाचव्यात एका रात्री झाड मुळासकट आडवं झालं. दोन स्कूटर गेल्या, माणूस वाचला. सकाळी सगळे म्हणाले, “जुनंच होतं, किडलं असेल.” आम्हीही मान डोलावली. घरी येऊन पुस्तकं काढली तेव्हा कळलं की कीड कुठे होती. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३मध्येच झाडांभोवती एक मीटर जागा सिमेंटमुक्त ठेवायचा आदेश दिला होता. आदेश दिल्लीचा असला, तरी मुळं पुण्यातही तशीच असतात.

मघाशी इथल्या एका काकांनी चहा घेताना विचारलं, “सर, बांधावर आंबा उगवला तर आम्ही तो लहान असतानाच उपटतो. मोठा झाला की तो आमचा राहत नाही, परवानगीचा होतो. यात चूक कोणाची?” हा प्रश्न आम्ही कुठल्याही परिसंवादात इतका सरळ ऐकला नाही. चूक तुमची एकट्याची नाही, काका. कायद्याने झाड राखायचं म्हणून मालकावर नुसता धाक ठेवला, राखण्याचं फळ त्याला दिलं नाही, की तो झाड होऊच देत नाही. अमात्यांना हे कळत होतं: मालकाला राजी करा, पैसे द्या, जबरदस्ती नको. प्लॉट पाडताना तर हेच होतं. खरेदीदाराला मोकळी जागा हवी, म्हणून झाड आधी जातं, मग मोजणी येते.

मग गावाच्या हातात काय आहे? बरंच आहे, आणि ते बहुतेकांना माहीत नसतं. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. पुष्कळ ठिकाणी ती नोंदवही कुणीतरी बाहेरचा येऊन, शेजारच्या गावाची नक्कल करून भरतो आणि कपाटात जाते. ती खरी भरा. कुठल्या गटात कुठलं जुनं झाड, अंदाजे घेर किती, लावलं कुणी, त्याखाली काय होतं, बाजार, यात्रा, शाळा. हे लिहिलं की त्या झाडाला आई मिळते. ई-पीक पाहणीतही बांधावरची झाडं नोंदवता येतात; सात-बाऱ्यावर झाड नसेल तर भूसंपादनात त्याची भरपाई मागताना शेतकऱ्याचीच दमछाक होते. आणि त्याच २००२च्या कायद्याखाली एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित होऊ शकते. पुण्याच्या ऐन मध्यात गणेशखिंडची बाग २०२०मध्ये अशी घोषित झाली, तिथे जुनी आंब्याची झाडं आहेत.

तुमच्याकडे तर लांब जायला नको. नसरापूरचं बनेश्वर आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४९मध्ये बांधलेलं देऊळ, आणि बनातला तो बनेश्वर. देवाचं नावच झाडांवरून. रविवारी पुण्याची निम्मी माणसं तिथे सावलीला बसलेली असतात. भोर-वेल्हे पट्ट्यातल्या देवराया माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पायी हिंडून अभ्यासल्या आणि जगापुढे मांडल्या. देवाच्या नावाने राखलेलं जंगल हे शेकडो वर्षं चाललेलं संवर्धन आहे, हे त्यांनी शास्त्राच्या भाषेत सांगितलं. अलीकडे मात्र अनेक ठिकाणी उलटं दिसतं. देवळाचा जीर्णोद्धार निघतो, जुनं कौलारू जाऊन सिमेंटचा सभामंडप येतो, आणि त्याला जागा हवी म्हणून राईतली झाडं जातात. देव तोच, राई गेली. आम्ही देवभोळे नाही, आयुष्यभर संशय घेणं हाच आमचा धंदा. तरीही भीतीने राखलेली राई हिशेबाने राखलेल्या रोपांपेक्षा जास्त टिकली, हे आम्हाला मान्य करावं लागतं. त्यामागची भीती गेली, तर तिच्या जागी दुसरं काही उभं करावं लागेल. ते काय, यावर आमच्याकडे तयार उत्तर नाही. गावाची नोंदवही हा त्याचा एक तुकडा असू शकेल, इतकंच.

तिचा नमुना राज्य जैवविविधता मंडळाकडे मिळतो, मंडळाचं कार्यालय नागपूरला आहे. ग्रामपंचायतीतही चौकशी करा. भरताना शाळेतल्या मुलांना बरोबर घ्या, आणि म्हाताऱ्यांना आधी विचारा, कारण कुठलं झाड कुणी लावलं हे आता मोजक्याच लोकांना ठाऊक असणार. काका, त्या आंब्याबद्दल आपण पुढे बोलू, तुमचा प्रश्न अजून संपलेला नाही. आणखी कुणाला विचारायचं असेल तर विचारा. मागच्या मंडळींनी जरा पुढे सरका, तिकडे ऊन आलंय.